लाटा सहा मीटर

हवामान खात्यातली सूनबाई रोज दुपारी तीनला रेडिओवर जहाजांसाठी समुद्राचं हवामान वाचायची. त्या दिवशी कागदावर वादळाचा इशारा होता: वारा ताशी ऐंशी किलोमीटर, लाटा सहा मीटर. आणि नेमकं त्याच पट्ट्यात तिच्या नवऱ्याचं जहाज! काळजावर दगड ठेवून तिने इशारा वाचला. आवाज जराही कापू दिला नाही, याचं तिचं तिलाच कौतुक वाटलं.

संध्याकाळी घरी त्याचा फोन आला. “आई, समुद्र बघशील तर अगदी ताटातल्या पाण्यासारखा शांत,” तो म्हणाला. तेवढ्यात मागे भांड्यांची अख्खी रास खळ्ळकन कोसळली. “आमचा स्वयंपाकी जरा धांदरट आहे,” त्याने सारवासारव केली.

फोन ठेवून सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. “खरं का गं? तुझं खातं काय म्हणतंय?”

“तेच म्हणतंय, आई. पानसुद्धा हलत नाहीये,” सून भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली.

“भर समुद्रात पान कुठलं आलं गं बाई!” सासूबाई हसल्या. त्यांनी दोघींपुरता चहा टाकला, तिच्या हातात कप दिला आणि शेजारी बसत म्हणाल्या,



“उद्या ‘लाटा सहा मीटर’ वाचताना मध्येच आवंढा गिळू नकोस. इथे स्वयंपाकघरात ऐकू येतो.”