चेंबरखालचा पत्रा

वाटेच्या मधोमध पुरलेला तो दगड जमिनीवर नऊ इंच होता आणि खचाखच भरली, की गहिनीनाथच्या जुन्या जीपचं ऑइल चेंबर आठ इंचांवर. दगड दोघा भावांच्या हद्दीचा, सात वर्षांपूर्वी भांडून बसवलेला. एका बाजूला ओढा होता, दुसऱ्या बाजूला धाकट्या भावाचा, अजिनाथचा ऊस. त्र्याण्णव साली चेंबर दोनदा फुटलं आणि भरलेल्या सवाऱ्या तिथंच उतरवाव्या लागल्या.

"काढून टाका की तो धोंडा," वत्सलाबाई नवऱ्याला, गहिनीनाथला म्हणाली.

"मी हात लावला, की अजिनाथ गावभर सांगंल, दादानं हद्द सरकवली. त्यापरीस गाडीलाच पत्रा ठोकतो."

"दोगा भावांचं तोंड उगडंना, म्हून गाडीला लोखंड!"

गहिनीनाथनं माजलगावहून भंगारातला पाच मिलिमीटर जाड पत्रा आणला, पुढून वाकवला आणि चेंबरखाली बोल्टांनी आवळला.

पहिल्याच फेरीत दणका बसला. पत्र्याला साधा पोचाही आला नाही. दगड मात्र उपटून बाजूला पडला. गहिनीनाथ घाबराघुबरा खाली उतरला आणि दगड पुन्हा जुन्याच खड्ड्यात बसवू लागला.

आवाज ऐकून अजिनाथ उसातून पळत आला. सात वर्षांत तो भावाशी एक शब्द बोलला नव्हता. त्यानं वाकून दगडाची दुसरी बाजू धरली.

 

"सोड, दादा. कवाचं म्हनायचं म्हनतोय, ह्यो आता परत पुरायचा न्हाई."