बिनटॅबची तुकडी

आयराचं नाव बिनटॅबच्या तुकडीत आलं आणि नूरच्या जिवाला घोर लागला. राजेश्वरी मॅडम टाकव्याच्या शाळेत संशोधन करत होत्या. सातवीच्या एका तुकडीला विज्ञान टॅबवर, दुसरीला फळ्यावर, आणि वर्षअखेर दोन्हींची एकच परीक्षा.

"माझी मुलगी मागे पडेल हो मॅडम."

"पडते का, तेच तर बघायचंय ताई."

बघायला ती काय कुंडीतलं रोप आहे? नूरने टॅबवाल्या अमृतच्या आईला गाठलं. तिने सगळे धडे फोनवर धाडले. "फकस्त तुला म्हनून देते. कुनाला बोलू नगंस." तेव्हापासून रोज शाळा सुटली की दाराला कडी लावून आयरा आईच्या फोनवर बॅटरीला बल्ब जोडत बसायची.

निकालाला मॅडमनी पालकांना बोलावलं. "दोन्ही तुकड्यांचे गुण सारखेच आलेत. म्हणजे टॅबने फरक पडत नाही. उद्या तसा अहवाल जाईल आणि जूनपासून या शाळेचे टॅब बंद होतील."

नूरला कळलं, खरं सांगितलं तर आयराचा नुकताच आलेला पहिला नंबर जाईल, गावात बोभाटा होईल. तरी ती उठली. "मॅडम, अहवाल पाठवू नका. माझी आयरा घरी चोरून तेच धडे बघायची."

"एका मुलीने काय होतंय ताई? बसा तुम्ही."

नूर बसली नाही. तिच्या मागे, मान खाली घालून, बिनटॅबच्या तुकडीतली एकेक आई उभी राहत होती.