बाटली

लेक पल्लवी गोव्याला समुद्रातल्या जिवांवर संशोधन करते. सणवार नसताना ती अचानक घरी आली, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. संकष्टी चतुर्थीच्या सकाळी धुण्यासाठी तिच्या बॅगेतले कपडे काढताना ओढणीत गुंडाळलेली बाटली हाती लागली. झाकण उघडलं तर दारूचा वास! आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्यात माझा उपास. मी बाटली मोरीत ओतणार, तोच ती धावली. “आई, थांब! स्पिरिट आहे ते. आत पाह्य!” तळाशी साबुदाण्याएवढा खेकडा होता. “नवीन जात आहे. मले सापडली.” “मंग घरी काऊन आणला?” “प्रोजेक्ट संपला, नोकरी गेली. मुलाखतीत दाखवायले हाच आहे. बाबाले सांगू नको, लग्नाचं काढतीन.” देव्हाऱ्याला घरात माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. बाटली पुसून गणपतीमागे ठेवली. आरतीला यांनी विचारलं, “ते बाटली कायची वं?” “नवसाची.”