काटक्यांचे बाण

"सापडला!" मुलगी ओरडली आणि पायवाटेच्या कडेला उकिडवी बसली.

तीन काटक्या. एक लांब, दोन आखूड. टोक चढाकडे.

"बघ," आई म्हणाली. "आजोबा पुढे गेलेत म्हटलं नव्हतं?"

मुलीने बाणाकडे पाहिलं, मग मान वळवून खाली घरांच्या छपरांकडे, मग पुन्हा बाणाकडे.

"काय गं गोगलगायी, इतक्यात दमलीस?"

गोगलगाय हे आजोबांनी ठेवलेलं नाव. सुट्टीच्या दिवशी आई बेकरीत पहाटपाळीला असायची, तेव्हा डोंगर या दोघांचाच. आजोबा आधी निघायचे, बाण मांडत वर जायचे आणि सपाट दगडावर चहाचा थर्मास घेऊन नातीची वाट बघत बसायचे. "आलीस? मी इथे घरच बांधायला घेणार होतो," हे दर वेळचं. आई लहान होती तेव्हा तिच्यासाठीही ते बाण मांडत. तिला त्यांच्या काटक्यांची जाडीसुद्धा आठवत होती.

मुलगी कालच मावशीकडून परतली होती. आल्या आल्या आजोबांच्या दाराकडे धावली, तर आई आडवी आली. "झोपू दे त्यांना. उद्या डोंगरावर जायचंय ना?"

आईला सपाट दगडापाशी पोचून एकच वाक्य बोलायचं होतं. आजोबा आता आपल्यात राहिले नाहीत. घरात ते तोंडातून निघत नव्हतं. कुठलीही अवघड गोष्ट आजोबांनी तिला त्या दगडावर बसवूनच सांगितली होती.

"सापडला," मुलगी म्हणाली. या वेळी आवाज खालचा होता.

दुसऱ्या बाणापाशीही ती तशीच थांबली, मागे वळून पाहिलं. मग येऊन तिने आईचा हात धरला.

"तुझे बूट ओले आहेत."

"दव पडतं ना गवतावर."

मुलीने आपले बूट पाहिले. ते कोरडे होते. ऊन केव्हाच वर आलं होतं.

पुढे चढ उभा होता. पायाखाली मुरूम निसटत होता. आईला धाप लागली. ती एका झुडपाला धरून उभी राहिली, तोंड पलीकडे फिरवून.

"घाई नको करू, आई. गोगलगायीसारखी ये."

"मोठी आली मला शिकवणारी!"

"मग? मीच तर पुढे आहे."

आई हसली, पण तोंड लगेच वळवलं नाही. मुलगी थांबून राहिली. आई निघाल्यावरच निघाली, आणि पुढचा प्रत्येक बाण तिने न चुकता शोधला. "सापडला." "हाही सापडला."

सपाट दगडावर कोणी नव्हतं. शेवटचा बाण त्याच्या पायथ्याशी होता. आईने पिशवीतून थर्मास काढला, आजोबांचाच, पोचा पडलेला. झाकण उघडायला गेली, तर ते फिरेना.

"ऐक हं," ती म्हणाली. "आजोबा आता..."

मुलगी बाणापाशी बसली. तिने लांब काटकी उचलून उलटी ठेवली. मग दोन्ही आखूड काटक्या एकेक करून दुसऱ्या टोकाला लावल्या. बाण आता खाली, छपरांकडे बघत होता.

"आजोबांचा असा असायचा," ती म्हणाली. "घराकडे. वर काय, कोणीही जातं. हरवलेल्या माणसाला घर सापडायला हवं, म्हणायचे."

आईने थर्मास खाली ठेवला.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच बाणापाशी." मुलगी तिच्या कुशीत शिरली. "पण तू पहाटे एकटीच येऊन मांडले होतेस ना. म्हणून मी सगळे शोधले."