विजेचा दुसरा झटका
"सर, आपला शोधनिबंधच चुकीचा असला तर?" नसीमानं तिच्या मार्गदर्शकांना, हेरवाडकर सरांना विचारलं.

चार वर्षं खपून तिनं सिलिकॉनच्या चकतीवर ऑक्साइडचा केसाहून शेकडो पट पातळ थर बसवला होता. विजेचा दाब दिला की थरातले विद्युतभार एका बाजूला कलतात आणि दाब काढला तरी तसेच राहतात, असं दोघांच्या नावानं छापूनही आलं होतं. पण थरातून वीज नुसती गळत असली, तरी आलेख बराचसा तसाच दिसतो. परवापासून तिला हीच शंका खात होती.

"मोजून बघ," सर म्हणाले.

आज तिनं एकाच दिशेनं विजेचे दोन झटके द्यायचं ठरवलं. भार खरंच कलत असतील, तर पहिल्यातच सगळे कलतील आणि दुसऱ्याला फारसं काही उरणार नाही. गळती असेल, तर दोन्ही सारखेच दिसतील.

पहिल्या झटक्याला पडद्यावर उंच सुळका उठला. दुसऱ्याला रेघ जेमतेम हलली.

तिनं दुसऱ्या तुकड्यावर मोजलं. तेच. तिचे खांदे सैल पडले. सकाळपासून आपण पाणीही प्यायलो नाही, हे आत्ता तिच्या लक्षात आलं.

शेजारी उभे असलेले सर खिशातला कागद काढून फाडू लागले.

"काय आहे, सर?"

"निबंध मागे घेतो, असं मासिकाला पत्र लिहिलं होतं. चूक माझी एकट्याची म्हणून. तुझी पीएचडी अडायला नको."