चार कप्प्यांची पिशवी

“नवी करामत निवडा, काका,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “तुमचा योद्धा एक पायरी वर चढलाय.”

काका म्हणजे शिंपीकाका. योद्धा खरं तर त्यांच्या मुलाचा. साध्या तापाचं निमित्त होऊन मुलगा गेला आणि मागे हा कागदावरचा योद्धा तेवढा राहिला. दर शनिवारी ‘दोस्तांबरोबर खेळायला जातो’ म्हणून मुलगा याच खेळांच्या दुकानात यायचा. तो गेल्यावर काका त्याचे फासे घेऊन इथे आले आणि माझ्या मुलाचे दोस्त कोणते, असं विचारू लागले. दुकानदार जरा घुटमळला, मग त्याने हे टेबल दाखवलं. तिथे मास्तरीणबाई, एक नर्स आणि एक ड्रायव्हर असे तिघं खेळत बसले होते. तेव्हापासून काकांचा एक शनिवार चुकला नव्हता.

खेळ तसा गप्पांचाच. मास्तरीणबाई गोष्ट रचायच्या, बाकीचे आपापलं पात्र काय करतंय ते सांगायचे आणि फासे टाकायचे. काकांच्या अजून निम्मं डोक्यावरून जायचं. पण मुलाचा योद्धा मरू द्यायचा नाही, एवढं त्यांना पक्कं कळत होतं.

त्यांनी पिशवी उघडली. कोटाच्या उरलेल्या अस्तरातून त्यांनीच शिवलेली, चार कप्प्यांची.

“चार कशाला रे, म्हटलं, तर म्हणाला, आम्ही चौघं आहोत ना. सगळ्यांचे फासे हाच वागवायचा. घरी स्वतःचं ताट उचलायचा नाही, आणि इथे बघा.”

हिरवे फासे त्यांनी नर्ससमोर ठेवले, लाल ड्रायव्हरसमोर, पिवळे मास्तरीणबाईंसमोर. निळे स्वतःकडे. नर्सने मांडीवरची पर्स खाली ठेवली. आत काहीतरी खुळखुळलं, तशी तिने घाईने चेन ओढली.

मास्तरीणबाईंनी करामती वाचून दाखवल्या. पहिली, एका दमात दोन वार. दुसरी, शेजारच्या सोबत्यावरचा घाव आपल्या ढालीवर घेणं. तिसरी एकांडा शिलेदार, म्हणजे जवळ कुणी नसलं की ताकद दुप्पट.

काकांना हसू आलं. “ही तिसरी राहू द्या. दोस्तांशिवाय याचं पान हलायचं नाही. शनिवार उजाडला की पाय जमिनीवर नसायचे.”

ड्रायव्हर चहाच्या कपाचा कान चोळत बसला.

“त्याने यातली कुठली घेतली असती?” काकांनी विचारलं. मग त्यांचा आवाज खाली आला. “घरी त्याची आई दाराशीच उभी असते. चपला काढायच्या आत विचारते, आज त्याचं काय सांगितलं त्यांनी. त्याच्या मनाविरुद्ध काही निवडलं तर तिला काय तोंड दाखवू?”

“ढाल,” नर्स म्हणाली. “एकदा माझ्यावर लांडगे तुटून पडले होते. त्याची पाळीसुद्धा नव्हती, तरी मध्ये पडला. म्हणाला, आधी हिला बाहेर काढा.”

“असं म्हणाला?”

“हसत हसत.”

काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी योद्ध्याच्या कागदावर ‘ढाल’ असं सावकाश लिहिलं. त्या दिवशी खेळ थोडाच झाला. ज्याचे त्याचे फासे ज्याच्या त्याच्या कप्प्यात घालून काका लगबगीने निघाले. त्यांना घर गाठायचं होतं.

ते गेले तरी तिघं जागचे उठले नाहीत. मग नर्स दुकानदारापाशी गेली. तो कपाट पुसत होता.

“पुढच्या शनिवारी ते परत काहीतरी विचारतील,” ती म्हणाली. “मला एवढं तरी सांगा, तो दिसायला कसा होता?”

दुकानदाराने फडकं खाली ठेवलं आणि कोपऱ्यातल्या लहान टेबलाकडे बघत राहिला.

“बारीकसा होता. तिथे बसायचा. चौघांचे फासे एकटाच टाकायचा, आणि दर पाळीला उठून खुर्ची बदलायचा.”