पेडलवरचा पाय

ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात. म्हणून पिकअपचे मालक रघुनाथराव यांना पेडल दाबायला सांगून मोरेश्वर मिस्त्री गाडीखाली शिरला.

"दाबा! धरा! सोडा!"

काय पाय होता! ना घाई, ना आळस. पुढंपुढं तर शब्द तोंडातून निघायच्या आत पेडल दबायचं. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत असा जोडीदार त्याला कधी मिळाला नव्हता.

"धरा!" म्हणत त्यानं शेवटचा नट आवळला. "काकाजी, मानलं बाप्पा तुम्हाले!"

"कायले?" रघुनाथराव रस्ता ओलांडून येत होते, हातात दोन चहा. "तू खाली शिरला अन् म्हटलं आधी चहा आणू, म्हणून मी गाडी लॉक करून टपरीवर गेलो. आत्ता येऊन राहिलो."

मोरेश्वरनं जॅकवरचं चाक हातानं फिरवून पाहिलं. ब्रेक घट्ट धरलेला होता.

"सोडा जी," तो हळूच म्हणाला.

पहिल्यांदाच पायानं ऐकलं नाही.